दमट हवेत काँपोझिट डेक बसवताना

घरामागचा जुना लाकडी डेक, म्हणजे खांबांवर उभा केलेला फळ्यांचा ओटा, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी उखडला आणि नवा काँपोझिट डेक (भुसा आणि प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्यांचा) यंदाचा पाऊस सुरू व्हायच्या जेमतेम आधी उभा राहिला. प्रत्यक्ष फळ्या ठोकायचं काम त्यातलं सगळ्यात छोटं होतं. बाकीचा काळ गेला अर्ज, शेरे, कोटेशनं, खड्डे आणि वाट बघण्यात. सुरुवातीला मला कोणी हा क्रम सांगितला असता तर बरंच कमी घाबरले असते, म्हणून जे जसं झालं ते तसं लिहिते आहे.

जुना डेक काढताना जे दिसलं त्यावरून पुढचे बहुतेक निर्णय ठरले. वरच्या फळ्या काळवंडल्या होत्या, काही चिरल्या होत्या, पण बऱ्याचशा धड होत्या. खालच्या तुळया मात्र वरच्या कडेने मऊ झालेल्या. जिथे जिथे खिळा घुसला होता तिथे पेचकस टोचला की अर्धा बोट आत जायचा. दरवर्षी मी फळ्यांना तेल लावत होते आणि खाली कुजणं चालूच होतं.

यावर थोडं वाचलं तेव्हा कारण लक्षात आलं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २५ ते ३० टक्के ओलावा लागतो. हवेची आर्द्रता ८० टक्के असली तरी नुसत्या हवेने लाकडातला ओलावा १६ टक्क्यांच्या आसपासच जातो. म्हणजे एकटी दमट हवा लाकूड कुजवत नाही. फळी आणि तुळई यांच्या फटीत, खिळ्याच्या भोकात पाणी साचतं आणि दमट हवेमुळे ते वाळत नाही, तिथे नुकसान होतं. हे कळल्यावर दुकानात जाऊन 'कुठली फळी चांगली' एवढंच विचारण्यात अर्थ उरला नाही. पाणी कुठे थांबेल आणि ते वाळेल कसं, हा खरा प्रश्न होता.

तरीही फळी निवडावी लागतेच. काँपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक, बहुधा पॉलिथिलीन, एकत्र वितळवून साच्यातून ओढलेली फळी. बऱ्याच उत्पादनांत निम्मा किंवा त्याहून जास्त भाग लाकडाचाच असतो. 'यात लाकूडच नाही, बुरशी धरणार कुठून?' असं एका विक्रेत्याने मला अगदी ठामपणे सांगितलं, ते खरं नव्हतं. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात अशाच फळ्यांची पायवाट होती. तिला चारेक वर्षं झाली असताना तिच्यावर लाकूड कुजवणारी बुरशी सापडल्याची नोंद १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या फळ्यांना वरून आवरण नसायचं. आता चांगल्या फळ्यांवर भुसा नसलेल्या प्लॅस्टिकचा घट्ट थर चढवलेला असतो. त्यातही दोन प्रकार आहेत: काहींना वर आणि दोन्ही बाजूंना आवरण असतं, खालचं अंग उघडं, काहींना चारही बाजूंनी. आमचा डेक जमिनीपासून फार उंच नाही, खालून ओल वर येणारच, म्हणून मी चारही बाजूंनी आवरण असलेली घेतली. पूर्ण पीव्हीसीची, भुसा अजिबात नसलेली फळीही मिळते. ती हलकी आणि ओलाव्याला जवळपास अजिबात दाद न देणारी, पण महाग, आणि पायाखाली मला ती पोकळ वाटली. हा निव्वळ आवडीचा भाग.

पोकळ साच्याची फळी स्वस्त पडते. माझं मत तिच्या विरोधात आहे. तिच्या पोकळीत पाणी शिरलं की बाहेर यायला वाट लागते, टोकांची टोपणं निसटतात आणि आत मुंग्या बिऱ्हाड करतात. भरीव फळीला जास्त पैसे गेले, त्याचं वाईट वाटलं नाही.

नमुन्याचे तुकडे प्रत्येक दुकानातून मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. मी ते दोन कामांना वापरले. काही तुकडे बादलीत पाण्यात बुडवून ठेवले आणि काही दिवसांनी कापलेल्या टोकाशी जाडी मोजली. बिनआवरणाच्या तुकड्याचं टोक बोटाला कळेल इतकं फुगलं होतं. बाकीचे भर दुपारी उन्हात ठेवून त्यांच्यावर अनवाणी उभी राहिले. गडद तपकिरी तुकड्यावर पाय ठेववेना. काँपोझिट उन्हात लाकडापेक्षा जास्त तापतं आणि गडद रंगात ते फार जाणवतं. मनात भरलेला कॉफी रंग तिथेच बाद झाला आणि वाळूसारखा फिकट रंग आला.

आता परवानगी. घरामागच्या डेकला परवानगी लागू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. ती लागते की नाही हे बहुतेक ठिकाणी डेकची उंची, क्षेत्रफळ आणि तो घराच्या भिंतीला जोडलेला आहे का, यावर ठरतं. शेजाऱ्यांचं ऐकून ठरवू नका, बांधकाम विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आमच्या बाबतीत लागत होती. ऑक्टोबरअखेर अर्ज केला. सोबत मालकीचा कागद, हद्दीपासूनची अंतरं दाखवणारा जागेचा नकाशा, डेकचा उभा छेद, पायाची खोली-रुंदी, रेलिंगची उंची आणि फळीच्या भारचाचणीचं पत्रक. हे पत्रक उत्पादकाकडे तयार असतं. काँपोझिट डेकच्या फळ्यांसाठी युरोपात ईएन १५५३४ आणि अमेरिकेत एएसटीएम डी ७०३२ अशी मानकं आहेत. विक्रेत्याला त्यांचं नाव घेऊन पत्रक मागितलं की तो गुळमुळीत बोलणं बंद करतो.

डिसेंबरच्या मध्याला अर्जावर शेरा पडून आला: डेकवरचं आणि डेकखालचं पाणी कुठे जाणार ते नकाशात दाखवा, आणि डेक भिंतीला जोडलेला आहे की स्वतंत्र ते स्पष्ट करा. पहिल्या क्षणी डोकं धरलं, पण दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्याचं उत्तर मी आधीच ठरवलं होतं: स्वतंत्र. भिंतीला जोडायचा म्हटलं की भिंतीत बोल्ट, त्यावर पाणी वळवणारी पत्र्याची पट्टी आणि ती चुकली तर घराच्या भिंतीत ओल. आपल्या खांबांवर उभा राहणारा डेक आणि भिंतीपाशी बोटभर मोकळी जागा मला जास्त सुखाची वाटली. खांबांची एक जादा रांग लागते, खर्च त्या मानाने वाढतो. सुधारित नकाशा दिला आणि जानेवारीत मंजुरी आली. तिच्यात दोन तपासण्यांची अट होती: खड्डे खणल्यावर काँक्रीट ओतण्याआधी एक, आणि सांगाडा झाल्यावर फळ्या टाकण्याआधी दुसरी. मजूर ठरवताना ही अट आधी सांगा, नाहीतर तपासणीची वाट बघत माणसं बसून राहतात आणि रोजंदारी तुमच्या माथी.

मंजुरीची वाट बघताना कोटेशनं मागवली. आकडे बघून काही कळत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्याच कामाचा आकडा देतो. एकाने तुळया एकमेकींपासून ६०० मिलिमीटर अंतरावर टाकून पैसे वाचवू म्हटलं. बहुतेक उत्पादक ४०० मिलिमीटर सांगतात, तिरप्या मांडणीला आणि पायऱ्यांना ३००. काँपोझिट लाकडाइतकं ताठ नसतं, उन्हात आणखी नरम पडतं, आणि सतत भार राहिला तर हळूहळू झोळ येतो. दुसरा म्हणाला, जमिनीवर सिमेंटचा कोबा करून त्यावरच पट्ट्या टाकू. तिसऱ्या मिस्त्रींनी अंगणात फेरी मारली, वाकून भिंतीच्या बुडाशी बघितलं आणि विचारलं, 'ताई, खाली हवा कुठून घ्यायची?' त्यांचा आकडा तिघांत सगळ्यात मोठा होता. काम त्यांनाच दिलं.

खालचा सांगाडा कशाचा, यावर मात्र आमच्या घरात बराच खल झाला. प्रक्रिया केलेलं लाकूड स्वस्त, मिस्त्रींच्या हातचं, आणि तुळयांच्या वरच्या कडेला ब्यूटिलची (एका प्रकारच्या रबराची) चिकटपट्टी लावली तर खिळ्या-स्क्रूच्या भोकातून पाणी शिरत नाही. जुन्या डेकला ती असती तर तो आणखी बरीच वर्षं टिकला असता. अॅल्युमिनियम महाग, पण सरळ, न कुजणारं, वाळवीला निरुपयोगी. मी अॅल्युमिनियमच्या बाजूने अडून बसले. फळ्यांवर २५ वर्षांची हमी; खालचं त्याआधी गेलं तर ते बदलायला वरचं सगळं उचकटावं लागणार. अॅल्युमिनियम ओल्या सिमेंटला किंवा तांब्याची प्रक्रिया केलेल्या लाकडाला थेट टेकलं तर गंजतं, म्हणून प्रत्येक टेकूखाली रबराची चकती घातली. स्क्रू सगळे स्टेनलेस स्टीलचे. समुद्र जवळ असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे घ्या, खाऱ्या हवेत हा फरक दिसतो.

शेवटी सामानाच्या खर्चात पाया, सांगाडा आणि स्क्रू मिळून निम्म्याहून जास्त भाग गेला आणि फळ्या आणि त्यांना तुळईवर धरून ठेवणाऱ्या क्लिपा निम्म्याहून कमी. मजुरी, परवानगीची फी आणि जुना डेक टाकून द्यायचा खर्च वेगळा. जाहिरातीतला दर बहुधा नुसत्या फळ्यांचा असतो. तोच धरून बजेट केलंत तर पायाच्या पातळीलाच पैसे संपतील.

फेब्रुवारीत जमिनीचं काम सुरू झालं. वरची माती खरवडून जमिनीला घरापासून दूर उतार दिला, त्यावर तण न येऊ देणारं जिओटेक्सटाइल कापड आणि वर खडी. पाणी झिरपतं, चिखल होत नाही, खालून झाडं वर येत नाहीत. मग खांबांचे खड्डे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने टेप लावून प्रत्येक खड्डा मोजला, एक थोडा उथळ निघाला, तो समोरच खोल केला. खड्ड्यांचे टेप ठेवून काढलेले फोटो पुढे उपयोगी पडले, कारण दुसऱ्या तपासणीला वेगळीच व्यक्ती आली आणि पाया तोवर मातीखाली गेला होता.

सांगाड्याला फळीच्या लांबीच्या दिशेने मीटरमागे १० मिलिमीटर उतार दिला. डोळ्याला तो कळतही नाही, टेबलावरचा पेला हलत नाही, पण पाणी फळीवर थांबत नाही. मिस्त्रींना सपाट लेव्हलची सवय, त्यामुळे बुडबुडा मधोमध नाही हे त्यांच्या मदतनिसाला शेवटपर्यंत खटकत होतं.

फळ्या मार्चमध्ये आल्या. उतरवून घेतानाच गठ्ठ्यांवरचे लॉट क्रमांक, म्हणजे फळ्या कुठल्या खेपेतल्या ते सांगणारे आकडे, बघितले, दोन वेगळे निघाले. दुकानदार म्हणाला, फरक दिसणार नाही. शेजारी शेजारी ठेवल्यावर उन्हात दिसत होता. एका लॉटच्या बदलून मागितल्या असत्या तर काम पुढे ढकलावं लागलं असतं, म्हणून दोन्ही गठ्ठे मिसळून एक इथली एक तिथली अशा मांडल्या. आता कुठे काय आहे ते मलाही ओळखता येत नाही. लाकडात रंग असेच मिसळलेले असतात, त्यामुळे उलट बरं दिसतं. फळ्या दोनेक दिवस जागेवरच, सपाट, जमिनीपासून वर, जवळजवळ टेकू देऊन ठेवल्या. उभ्या टेकवून ठेवल्या की त्या वाकतात आणि मग सरळ होत नाहीत.

बसवताना सगळ्यात वादाचा मुद्दा फटीचा. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. काँपोझिट उन्हाने लांबीत वाढतं. आमच्या फळीच्या पत्रकात मीटरमागे दर अंश सेल्सिअसला ०.०५ मिलिमीटर असं दिलं होतं. फळी ३.६ मीटरची, सकाळी कापताना आणि दुपारच्या उन्हात तिच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरा: ५.४ मिलिमीटर वाढ. म्हणून टोकाला टोक भिडवायचं नाही आणि भिंतीपाशी तर मुळीच नाही. प्रत्येक फळी मधोमध एका ठिकाणी पक्की केली आणि बाकी क्लिपांमध्ये सरकायला मोकळी ठेवली. मिस्त्रींचा हात दुपारी कापलेली फळी 'घट्ट' बसवायकडे जायचा. मी पत्रकाचं ते पान करवतीच्या टेबलावर चिकटवलं. त्यांनाही ते आवडलं, मालकिणीशी हुज्जत घालण्यापेक्षा कागदाशी घालणं सोपं. दोन फळ्यांमधली फट क्लिपच ठरवते, आमची ६ मिलिमीटर. पाणी आणि हवा दोन्ही तिथून जातात.

कापताना भुसा खूप उडतो आणि त्यात प्लॅस्टिक असतं. खाली ताडपत्री पसरा, रोज संध्याकाळी गोळा करा, तुकडे जाळू तर अजिबात नका.

मग आली कडेची झालर. डेकच्या तिन्ही बाजू जमिनीपर्यंत त्याच फळ्यांनी बंद केल्या की फार देखणं दिसतं, सगळ्या चित्रांत तसंच असतं. दमट हवेत हे करणं म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवणं. आम्ही आडव्या पट्ट्या अंतरा-अंतराने लावल्या, खाली टीचभर जागा उघडी सोडली आणि उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून आतून जाळी. समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या हव्यात, एकीकडून हवा आत, दुसरीकडून बाहेर. एक झडपही ठेवली, हात घालून पालापाचोळा काढता येईल एवढी.

एप्रिलमध्ये एका फळीवर भलताच तापलेला पट्टा सापडला. पत्रकात सूचना होतीच: उष्णता परावर्तित करणाऱ्या काचेवरून ऊन एकवटून फळीवर पडलं तर ती वितळून वेडीवाकडी होऊ शकते. आमचं सरकतं काचेचं दार नेमकं तसं. वेळेत दिसलं म्हणून बाहेरून जाळीचा पडदा लावला आणि पट्टा गेला. मोठी काच असेल तर फळ्या टाकण्याआधीच दुपारचा कवडसा कुठे पडतो ते बघून ठेवा.

अंतिम दाखला मेमध्ये मिळाला. हमीची नोंदणी वेगळी करावी लागते, तिला मुदत असते आणि बिल, लॉट क्रमांक, बसवतानाचे फोटो लागतात. बारीक अक्षरांत वाचलं तर कुजणं आणि वाळवी हमीत आहे, पृष्ठभागावरची बुरशी नाही. यात फसवणूक नाही. ती बुरशी फळीवर नाही, फळीवर बसलेल्या धुळीवर, परागांवर, पाल्याच्या रसावर वाढते, तेव्हा ते साफ ठेवणं तुमच्याकडेच येतं.

पहिल्या पावसात कापलेल्या टोकांपाशी चहाच्या रंगाचे ओघळ आले आणि माझा जीव खाली-वर झाला. तो भुशातल्या लाकडाचा रंग, पाण्याबरोबर सुटतो आणि काही आठवड्यांत आपोआप थांबतो. आवरण नसलेल्या फळ्यांना हे जास्त होतं. खाली फरशी असेल तर तिच्यावर डाग पडतात, तेवढी फरशी आधीच झाकून ठेवा.

झाडाच्या सावलीतला कोपरा महिन्याभरात निसरडा झाला. देखभाल कमी असते, नसतेच असं नाही. पावसात दर पंधरवड्याला मऊ ब्रश, कोमट पाणी आणि सौम्य साबण, फळीवरच्या रेघांच्या दिशेने घासायचं, आणि मुख्य म्हणजे फेस वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं. तारेचा ब्रश आवरण ओरबाडतो. जोरदार दाबाचं यंत्र जवळून मारणंही टाळते. रबराच्या बुडाचं पायपुसणं काढून टाकलं, कारण रबराखाली फळीचा रंग बदलतो आणि तो परत येत नाही. कुंड्या पायांच्या तिवईवर ठेवल्या. लोखंडी खुर्चीचा गंजाचा डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या क्लीनरने गेला, हातमोजे घालून.

फटींत अडकलेली पानं काढायला मिस्त्रींनी पत्र्याची एक बारीक आकडी करून दिली आहे. झडपेतून हात घालून खालची खडीही बघते. मुसळधार पावसानंतर दुसऱ्या दिवशी वरचा थर कोरडा दिसतो, भिंतीपाशी मात्र जरा वेळ लागतो, तिथली जाळी पाल्याने भरते म्हणून. उरलेल्या दोन फळ्या मी टाकल्या नाहीत, गॅरेजमध्ये सपाट ठेवल्या आहेत. उत्पादक रंग बंद करतात, आणि उद्या एखादी फळी भाजली किंवा चिरली तर मध्येच एक नवीकोरी वेगळी दिसायला नको. त्यांच्यावर लॉट क्रमांक मार्करने लिहून ठेवला आहे.